पाठीवरची सहा मिनिटे

कुस्तीच्या हॉलच्या हजेरीवहीत प्रशिक्षक म्हणून वस्तादांची पहिली सही आहे ती त्यांच्या सव्विसाव्या वर्षाची. शेवटची सत्तेचाळिसाव्या वर्षाची. त्याआधी त्यांनी किती कुस्त्या मारल्या, याबद्दल दोन आकडे आहेत. ते स्वतः तीनशेच्या वर सांगतात. स्पर्धांची जी निकालपत्रके शिल्लक आहेत, त्यांत एकशे सत्त्याऐंशी सापडतात. हा फरक दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही. "कागद गहाळ झाले असतील," एवढेच म्हणाले. एका गोष्टीबद्दल मात्र कागदांचे आणि त्यांचे एकमत आहे: दोन्ही खांदे टेकून, म्हणजे चीत होऊन, ते आयुष्यात एकदाच हरले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते.

त्या दिवशी त्यांचे वडील, तेही पहिलवानच, घरापर्यंत त्यांच्या दहा पावले पुढे चालले आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. घरात एक नियम होता: पाठीवर झोपायचे नाही. दुपारच्या झोपेत मुलगा उताणा झालेला दिसला की वडील पायाच्या अंगठ्याने त्याला कुशीवर लोटत. हे थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी सांगितले. वस्तादांनी आधी ते साफ नाकारले. थोड्या वेळाने म्हणाले, "लोटत नव्हते. ढोसत होते."

हॉलमध्ये शिकायला येणाऱ्यांची संख्या नऊवर आली, तेव्हा तो चालवणाऱ्या मंडळाने कुस्ती बंद करून तिथे जिऊ-जित्सू सुरू करण्याचा ठराव केला. वस्तादांना आलेले पत्र सभ्य भाषेत आहे. त्यांना कामावर राहता येईल. अट एवढीच की वर्षभरात त्यांनी नव्या खेळाची पहिली परीक्षा उत्तीर्ण व्हावे. संधी तीन. पत्रासोबत एक अर्ज होता. त्यात 'अन्य कोणते काम येते' असा रकाना होता. वस्तादांनी त्यात एक आडवी रेघ ओढली आहे. पट्टी लावून, सरळ.

परीक्षेचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपते. जिऊ-जित्सूत पाठ टेकली की खरी झुंज सुरू होते. खालचा माणूस पाठीवर राहूनच पायांनी वरच्याला अडवतो, कवेत धरतो, उलटवतो. तिथे घातक असते ते पालथे होणे. कारण पालथ्या माणसाच्या पाठीवर बसून मागून हात घातला की गळा आवळला जातो, आणि मग मॅटवर थाप मारून हार कबूल करावी लागते. परीक्षेत उमेदवाराने पाठीवर पडून सुरुवात करायची, परीक्षकाने वरून, आणि सहा मिनिटे सापडायचे नाही, म्हणजे थाप मारायची वेळ येऊ द्यायची नाही. जिंकण्याची अट नव्हती.

परीक्षक होता चिकट्या, आणि परीक्षेआधीचा सरावही तोच घेणार होता. हे नाव त्याला वस्तादांनीच दिलेले, एकदा बिलगला की सुटत नसे म्हणून. चौदा वर्षांपूर्वी वस्तादांनी त्याला हॉलमधून काढले होते. त्या वर्षीच्या वहीत त्याच्या नावावर काट आहे आणि समोर वस्तादांच्या अक्षरात कारण: 'स्वतःहून पाठीवर जातो.'

"मला काढलं होतंत तुम्ही," पहिल्या दिवशी चिकट्या म्हणाला.

"आठवतंय. कारणासकट लिहून ठेवलंय."

"कारण बरोबरच होतं, वस्ताद. माझाच खेळ दुसरा होता."

उभ्याने वस्तादांपुढे कुणी टिकत नसे. चिकट्याने स्वतः ठेवलेल्या सरावाच्या टिपणांनुसार, पहिल्या महिन्यात त्याने वस्तादांशी दहा वेळा पकड घेतली आणि आठ वेळा आपटला गेला. पण वस्तादांना खाली झोपवून वर बसले, की डोळ्याचे पाते लवायच्या आत ते पालथे होत. सत्तावीस वर्षे ज्या एका गोष्टीपासून अंग वाचवले, तिथे अंग थांबायला तयार नव्हते.

"पालथं होऊ नका, वस्ताद."

"मी होत नाही रे. होतं ते."

मग ताईंनी स्वयंपाकघरात सराव सुरू केला. त्या गाड्यांच्या आसनांचे अभ्रे शिवत. कामावरून आल्या की भावाला फरशीवर उताणे झोपवत, त्याच्या पोटावर बसत आणि मांडीवर ताट घेऊन वाटाणे सोलत. वजन पंच्याऐंशी किलो. हा आकडा त्यांनीच दिला, वर लिहून घ्यायलाही सांगितले. पाचेक मिनिटांनी त्यांनी जरा जोर टाकला की भाऊ उलटे आणि वाटाणे घरभर.

"म्हातारीला पाडतोस? लाज वाटू दे जरा."

"तूच म्हणालीस, जोर लावते म्हणून."

"जोर लावते म्हणाले, उडवून लाव म्हणाले नाही. गोळा कर आता." आणि फरशीवर गुडघे टेकून दाणे वेचता वेचता त्या म्हणाल्या, "बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. आता कुणाचा अंगठा लागतोय तुला?"

वस्तादांनी कपाटाखालचा एक दाणा काढून ताटात टाकला.

पहिल्या परीक्षेच्या कागदावर वेळ आहे एक मिनिट दहा सेकंद. शेरा: 'पालथा. मागून गळा.' दुसऱ्या कागदावर दोन मिनिटे पाच सेकंद. शेरा तोच, विरामचिन्हांसकट.

तिसऱ्या परीक्षेचे चित्रण उपलब्ध आहे. त्याला आवाज नाही. वस्ताद पाठीवर आहेत, दोन्ही पाय चिकट्याच्या कमरेभोवती. पहिले मिनिट जाते, दुसरे, तिसरे. चौथ्या मिनिटाला कडेला बसलेली माणसे उठून उभी राहतात; ताई मात्र बसून आहेत, दोन्ही हातांत पिशवी गच्च धरून. पाच मिनिटे बारा सेकंदांवर चिकट्या आपला भार वस्तादांच्या छातीवर सरकवतो. डाव साधा आहे, त्यात धोका काहीच नाही. फक्त त्यामुळे वस्तादांचे दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला सपाट लागतात. आणि ते पालथे होतात.

चिकट्याचा हात गळ्याभोवती येतो आणि तिथेच थांबतो. अकरा सेकंद थांबतो. चित्रणात एवढेच दिसते. का थांबला ते दिसत नाही.

"पकड नीट बसत नव्हती," असे चिकट्याचे म्हणणे.

"चांगली बसली होती," असे वस्तादांचे. "वेळ काढत होता माझ्यासाठी. मी त्याला म्हटलं, आवळ."

"मला काही ऐकू आलं नाही," चिकट्या म्हणाला.

वस्तादांचे ओठ हललेले मात्र दिसतात. त्यानंतर हात आवळला जातो आणि पाच मिनिटे छत्तीस सेकंदांवर वस्ताद मॅटवर थाप मारतात, सावकाश, दोनदा. चोवीस सेकंद उरले होते. कागदावर शेरा तोच आहे. त्याखाली आणखी एक शब्द लिहून इतका खोडला आहे की भिंगाखालीही लागत नाही.

वस्ताद आता शीतगृहात फळांच्या पेट्या उतरवतात. त्यांच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाला उभ्याने लढायचे बेताचेच येते, म्हणून चिकट्याने मंडळाच्या मागे लागून शनिवारचा एक तास वस्तादांसाठी काढून घेतला: नव्या लोकांना पाडायचे डाव शिकवायला.

पहिल्या शनिवारी ते वेळेच्या आधी आले. समोर एक धिप्पाड तरुण उभा राहिला. हात मिळवले. वस्तादांनी कमरेत हात घालायच्या आत तो पाय पसरून आपणहून खाली बसला आणि पाठीवर गेला.

"ऊठ," वस्ताद म्हणाले.

"यात उठायची गरज नसते, काका. मला इथूनच जमतं."

दुसऱ्याला बोलावले. तोही बसला. तिसरी एक मुलगी होती. ती निदान हसून बसली. चिकट्याने सगळ्यांना दरडावून उभे केले, पण तोवर वस्ताद मॅटच्या कडेला जाऊन मोजे चढवत होते.

घरी आल्यावर ते ताईंना म्हणाले, "सगळे आपणहूनच बसतात. पाडू कुणाला?"

ताईंनी शिवणाचे यंत्र थांबवले नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी वीस अभ्रे द्यायचे होते.

हजेरीवहीत शनिवारच्या पानावर वस्तादांची एकच सही आहे. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी, अगदी गेल्या आठवड्यापर्यंत, चिकट्याने त्यांचे नाव लिहिले आहे आणि पुढच्या रकान्यात 'गैरहजर' असे भरले आहे. नावावर काट कुठेही मारलेली नाही.