जालिंदरनानाची दोन बोटं

चाकणच्या आमच्या टूलरूममध्ये लोखंडाचा चुरा रोज झाडला तरी कोपऱ्यात साठतोच. किश्श्यांचंही तसंच आहे राव, फक्त ते झाडायला कुणी माणूस नेमलेला नाही! सध्या सगळ्यात मोठा ढीग जालिंदरनानाचा.

*

नाना बीडकडचा. डायवर, म्हणजे लोखंडी साच्यांवर, नंबर आणि नावं हातात छोटं मशीन धरून कोरायचा. अक्षर असं की छापखान्याने लाजावं! मी नववी नापास, त्यामुळे मला ते जरा जास्तच सुंदर दिसायचं. पण बसायची पद्धत एकच. उजवं कोपर टेबलाच्या लोखंडी कडेवर रोवलेलं. वीस वर्षं!

मी म्हणायचो, "नाना, टेबल आधी झिजतंय का कोपर, लाव पैज!"

कोपर हरलं.

*

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर पडलं. मी गुपचूप मागून जाऊन करंगळीला कपडे वाळवायचा चिमटा लावला. पठ्ठ्या चिमट्यासकट कॅन्टीनमध्ये जेवायला बसला! सगळी लाईन हसून लोळायची बाकी.

नानाने हात वर धरून पाहिला. "कळालंच न्हाई बग," म्हणाला.

हसणं आपोआप थांबलं.

*

मग नवीनच तऱ्हा. कोरायचं मशीन हातात घेतलं की तीच दोन बोटं तळव्यात घट्ट मिटायची. मशीन ठेवलं की सरळ! चहाचा कप धरता येतो, गाडी चालवता येते, तंबाखू तर झकास मळता येते. पुढे पुढे साधं पेन धरलं तरी तेच.

सुपरवायझर म्हणाला, "काय हो नाना, काम दिसलं की बोटं लपून बसतात?"

सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

*

पिंपरीच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. त्यांनी हाताला बारीक करंट देऊन नस तपासली.

मी म्हणालो, "डॉक्टर, एवढ्यासाठी इतक्या लांब आलो होय? करंट आमच्या मेंटेनन्सवाल्याने फुकट दिला असता!"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "कोपरापाशी नस दबलीय. नस दबली की सगळ्यांचं असं होत नाही. एखाद्याच्या मेंदूला मात्र त्या हाताचं चुकीचं वळण लागतं. मग नेमकं ते काम करतानाच बोटं वळतात. हे नाटक नाही."

"ऑपरेशन करून नस मोकळी केली तर?" मी विचारलं.

"बधिरपणा कमी होईल. बोटांचं सांगता येत नाही."

नानाने डॉक्टरांच्या टेबलावर टेकलेलं कोपर हळूच उचललं.

*

डॉक्टरांची चिठ्ठी कंपनीच्या साहेबांनी वाचलीच नाही. नानाला ऑफिसात बोलावलं, साक्षीदार म्हणून मला. छापलेला कागद पुढे सरकवला. 'माझा उजवा हात पूर्ण बरा आहे. माझी काही तक्रार नाही.'

"सही करा, उद्यापासून कामावर. नाहीतर घरी बसा."

नानाची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नानाने माझ्याकडे पाहिलं. मला एकही विनोद सुचेना!

त्याने पेन उचललं. 'जा' लिहिला आणि दोन्ही बोटं तळव्यात शिरली. पेन कागद फाडत गेलं. साहेबांनी दुसरी प्रत दिली. तीही फाटली. तिसऱ्या वेळी नानाने उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं. टर्रकन आवाज आला.

"मला मीटिंग आहे हो," साहेब म्हणाले. ड्रॉवरमधून स्टॅम्प पॅड काढलं. "अंगठा उठवा."

नानाने उठवला.