गुरसरायहून झाशीला, गणपतीच्या तिकिटासह

शुक्रवार, २२ ऑगस्ट, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. झाशीच्या सीपरी बाजारातल्या आमच्या घरात मी पिशवीत स्टीलचा पेला ठेवत होतो आणि परत काढत होतो. सोबत स्टीलची बाटली, चमचा, दोन कापडी पिशव्या, इंची टेप आणि छोटी टॉर्च एवढं भरून झालं होतं. पेला घेतला तर चेन लागत नव्हती. आईनं दारातून पाहिलं आणि विचारलं, दोन दिवसांसाठी गुरसरायला चाललास की संन्यास घेतोयस?

मी चाललो होतो गणपती आणायला.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. झाशीत मराठी घरं थोडीच. काही पेशवाईपासूनची, काही कारखान्याच्या नोकरीमुळे आलेली. दोघांचं मिळून एक मंडळ आहे आणि मंडळाचा एक गणपती. माझं मराठी घरातलं आहे, शाळेतलं नाही, त्यामुळे इथला प्रत्येक शब्द दोनदा तपासलाय. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. आता फ्लेक्स छापायच्या दुकानात डिझाइन करतो. तिथं एक मात्रा चुकली तरी ती दहा फुटांची होऊन चौकात लटकते.

गेल्या वर्षी विसर्जनानंतर आठवड्यानं मी तलावावर गेलो होतो. आमच्या प्लास्टरच्या मूर्तीचा एक हात काठाला लागला होता, आशीर्वाद देत. शेजारी थर्माकोलच्या मखराचा खांब आणि बऱ्याच कागदी प्लेटा होत्या. यंदा जूनच्या मीटिंगमध्ये मी सात सूचना वाचून दाखवल्या. मातीची मूर्ती, थर्माकोल नको, पत्रावळी वापरू, पाकिटातला प्रसाद बंद, फ्लेक्स नको, अन्न उरेल इतकं करायचं नाही, विसर्जन घरच्या पाण्यात. मंडळाचे अध्यक्ष गद्रेकाका कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुकुंद, आपण गणपती बसवतोय, सरकारी योजना नाही. आणि फ्लेक्स नको म्हणणाऱ्याचा पगार कशातून होतो?"

सगळे हसले, मीही हसलो. खरंच होतं ते.

शेवटी फक्त मूर्तीवर तडजोड झाली. अडीच हजार मंजूर झाले. मूर्ती रविवारी सकाळपर्यंत मीच आणायची, अखंड. कुठं तडा गेला, नखाएवढा टवका उडाला, तर भंगलेली मूर्ती बसवता येत नाही, म्हणून बाजारातली प्लास्टरची आणायची आणि हा विषय मंडळात पुन्हा काढायचा नाही. काकांनी प्लास्टरवाल्याकडे पाचशे रुपये विसारही देऊन टाकला. त्यांचा माझ्यावरचा विश्वास असा आगाऊ भरलेला होता.

जाताना

बस स्टँडवर गुरसरायची बस सातच्या सुमारास मिळते. तिकीट एकशे वीस. पोहे-जिलेबी स्टँडवरच खाऊन घ्या, पानाच्या द्रोणात देतात. मी चहा मात्र स्वतःच्या पेल्यात मागितला. चहावाल्यानं पेला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, हे मातीचं कुल्हड फेकलं की माती होते, तुमचा हा पेला धुवायला दोन पेले पाणी लागेल, ते तुमच्या बाटलीतलं द्या. मी दिलं. चहा पेलाभर प्यायलो, पाणी दोन पेले गेलं. आमच्या भागात नळ कधी येतो हे माहीत असल्यामुळे मी पेला परत पिशवीत खोल घातला आणि पुढे दोन दिवस कुल्हडच वापरलं.

हायवेवर रस्ता उत्तम, आत वळलं की खड्डे. बेतवा ओलांडताना सगळे खिडकीकडे झुकले, पाणी चांगलं होतं. मी खड्डे पाहत होतो. कुठल्या वळणानंतर किती मोठे, डाव्या बाजूला की उजव्या, सगळं लक्षात ठेवत होतो, कारण उद्या इथूनच मांडीवर गणपती घेऊन यायचं होतं.

गुरसराय लहान गाव आहे. एकेकाळी इथं मराठी जहागीर होती, आता एवढंच की माझं आडनाव ऐकून म्हातारी माणसं "अच्छा, पंडितजी" म्हणतात. धर्मशाळेत खोली दोनशेला मिळाली. तिथून कुंभारांची वस्ती चालत जाण्याइतकी जवळ.

मूर्तिकार रामसेवकजी प्रजापति. आमच्या दुकानात फ्लेक्स करायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं त्यांचा नंबर दिला होता. महिन्यापूर्वी फोनवर ऑर्डर झाली होती, नमुना म्हणून मी एक फोटो पाठवला होता. तळ्यातला गाळ, त्यात भुसा आणि कापूस. रंग गेरू, चुना आणि हळदीचे. भट्टी नाही, साचा नाही. दीड फुटाची मूर्ती अंगणात सुपावर बसलेली होती आणि रामसेवकजी पीतांबराला शेवटची हळद लावत होते.

मी टेपनं उंची मोजली. बोटं मोजली. टॉर्च लावून कानामागे, काखेत, उंदराच्या पोटाखाली तडे शोधले. मग विचारलं की ही पाण्यात नक्की विरघळेल ना? त्यांनी त्याच मातीचा गोळा बादलीत टाकला, आम्ही चहा पिऊन येईपर्यंत बादलीत फक्त गढूळ पाणी होतं. मी तरीही मूर्तीभोवती आणखी एक फेरी मारली. तेव्हा त्यांच्या बायको ओसरीवरून म्हणाल्या, "काय भैया, मूरत लैवे आये कै ब्याओ के लाने मोड़ी देखवे?" म्हणजे मूर्ती न्यायला आलात की लग्नासाठी मुलगी बघायला. रामसेवकजी हसले नाहीत. ब्रश पुसत म्हणाले, जशी फोटोत तशी घडवली आहे, पुढचं तुमच्या बसच्या ड्रायव्हरवर.

येताना

शनिवारी सकाळी मूर्ती टोपलीत बसवली, चारी बाजूंनी पेंढा आणि दोन जुन्या साड्या. अठराशे रुपये दिले.

बसमध्ये कंडक्टरनं टोपलीकडे पाहून विचारलं, "सवारी है कि सामान?"

सामान म्हटलं तर टपावर किंवा मागच्या डिकीत जाणार. मी म्हटलं सवारी, म्हणजे प्रवासी. त्यानं सरळ पूर्ण तिकीट फाडलं, आणखी एकशे वीस. खिडकीची सीट गणपतीला, मधली मला. हा खर्च मंजूर अडीच हजारात नव्हता हे मला तिकीट हातात आल्याबरोबर आठवलं.

पण तिकिटाचे पैसे वसूल झाले. साडी थोडी सरकली, सोंडेचं टोक दिसलं आणि बसचं वागणं बदललं. पुढच्या बाई मागे वळून पाया पडल्या आणि दोन केळी ठेवली. एकानं पेटवलेली बिडी खिडकीबाहेर टाकली. पहिला मोठा खड्डा आला तेव्हा पाच-सहा जण एकदम ड्रायव्हरवर ओरडले, आणि त्यानंतर त्यानं गाडी अशी चालवली की मी पाठ केलेले सगळे खड्डे वाया गेले. हळू चालवा, डिझेल वाचवा, असं बसमध्ये लिहिलेलंच असतं. ते कुणी वाचून केल्याचं मी पाहिलेलं नव्हतं.

बेतवेच्या अलीकडे पाऊस आला. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. कच्च्या मातीवर पाणी म्हणजे काय होतं ते मी आदल्या दिवशी बादलीत पाहिलं होतं. मी टोपली मधल्या सीटवर ओढली, पाठ खिडकीकडे करून तिच्यावर वाकलो, शर्ट भिजला, सीटवरून पाण्याची धार टोपलीकडे सरकायला लागली. माझ्या दोन्ही कापडी पिशव्या त्या पावसात फडक्यासारख्या भिजल्या. मागच्या सीटवरच्या काकांनी आपल्या धान्याच्या पोत्यावरचा फ्लेक्स काढला आणि पुढे केला.

कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. 'शुभकामनाएं'मधला 'ए' चुकलेला, आमच्या दुकानातला नव्हता. मी त्यात गणपती गुंडाळला. पुढचा पाऊण तास बाप्पा त्या नेत्याच्या हसऱ्या चेहऱ्याखाली सुरक्षित होते आणि मी, सूचना क्रमांक पाच लिहिणारा, तो फ्लेक्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. झाशी आली तेव्हा मूर्तीवर पाण्याचा थेंब नव्हता. काका फ्लेक्स घेऊन उतरून गेले, त्यांना पोत्यासाठी हवा होता.

रविवार

मंडळाच्या खोलीत सगळे जमले होते. मी साड्या सोडल्या. गद्रेकाकांनी चष्मा लावून मूर्तीभोवती माझ्यापेक्षा सावकाश फेरी मारली. तडा नाही, टवका नाही. त्यांनी मान हलवली, थोडी नाइलाजानं, पण हलवली. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात साठेकाकू आत आल्या. त्या जुन्या झाशीकर घराण्यातल्या. मंडळाची पूजा आणि स्वयंपाक दोन्ही त्यांच्या हाती. त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले आणि तसेच ठेवून म्हणाल्या, "मुकुंदा, ह्याची सोंड उजवीकडे आहे."

उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं पाळावं लागतं, चूक चालत नाही. मंडळानं कधी बसवला नव्हता.

मी मोबाइल काढला. रामसेवकजींना पाठवलेला फोटो म्हणजे गेल्या वर्षीच्या मूर्तीसोबतचा माझा सेल्फी. माझा मोबाइल सेल्फी आरशासारखा उलटा काढतो. मागच्या बॅनरवरची अक्षरं उलटी दिसत होती, ती मला बघवली नाहीत, म्हणून मी बॅनर कापून मग फोटो पाठवला होता. अक्षरं उलटी आहेत हे कळलं, देव उलटा आहे हे नाही. हे सगळं मी सांगितलं. कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

गद्रेकाका म्हणाले, प्लास्टरवाल्याकडे विसार दिलेलाच आहे, तो डाव्या सोंडेचा आहे, आपण तो आणू. दोघातिघांनी हो म्हटलं. माझा विषय तिथं संपत होता, आणि मी मनात टोपली परत भरायलाही लागलो होतो.

"आणा," काकू म्हणाल्या. "आणि दारात आलेल्या ह्याला परत कोण पाठवणार? नाव सांगा, मी लक्षात ठेवते."

कारखान्यात तीस वर्षं सुरक्षा विभाग सांभाळलेले गद्रेकाका खिडकीबाहेर बघायला लागले.

मग काकूंनी नियम सांगितले. पाच दिवसांऐवजी दीड दिवस. नैवेद्य घरी, ताजा, मोजून. उरवायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. बाहेरचं पाकीट आत येणार नाही. थर्माकोल कुणाच्या हातचं, कशात बनलेलं माहीत नाही, तर मखर केळीच्या खांबांचं. जेवण पळसाच्या पत्रावळीवर. फ्लेक्सचा असो की कापडाचा, छापील चेहऱ्यांचा बॅनर देवाच्या पाठीमागे लागणार नाही. आणि विसर्जन तलावाच्या घाणीत करायचं नाही, अंगणात घंगाळात, समोर उभं राहून, पूर्ण विरघळेपर्यंत.

त्या बोलत होत्या आणि मी बोटांवर मोजत होतो. मातीची मूर्ती तर समोरच होती, माझ्या उरलेल्या सहाच्या सहा सूचना होत्या, क्रम तेवढा वेगळा. जूनमध्ये त्यांना एक तास लागला होता आणि सगळ्या पडल्या होत्या. आता चहा गार व्हायच्या आत मंजूर झाल्या, तेही एकमतानं. पृथ्वीचं भलं होईल हे कुणाला पटलं नव्हतं. देव रागावेल हे सगळ्यांना पटलं.

नंतर

दीड दिवस छान गेला, थोडा धाकात. एरवी दोन घास टाकून उठणारी माणसं पत्रावळ पुसून जेवली. घंगाळातली माती विरघळायला तासभर लागला. मुलं तोवर उभी राहिली, काही मोठी माणसंही. गाळ घरोघरच्या कुंड्यांत गेला. संध्याकाळी मी तलावावर जाऊन आलो. इतरांचे हात-पाय यायचे होते, आमचं काही येणार नव्हतं.

गद्रेकाकांनी शेवटच्या मीटिंगमध्ये मोकळ्या मनानं सांगितलं की पुढच्या वर्षीही मातीचीच मूर्ती, मुकुंदनं आणावी. मग श्वास सोडून म्हणाले, फक्त डाव्या सोंडेची, म्हणजे बाकी सगळं पहिल्यासारखं सैल ठेवता येईल. मखरवाल्याला त्यांनी सांगूनही ठेवलंय.

तुम्हालाही तुमच्या मंडळासाठी मूर्ती आणायची असेल तर महिनाभर आधी सांगा, गणपतीचं वेगळं तिकीट काढा, आणि तत्त्वं काहीही असोत, सोबत एक प्लास्टिकचा तुकडा ठेवा. जुना चालेल.

हिशेब. बस तीन तिकिटं ३६०, मूर्ती १८००, धर्मशाळा २००, खाणंपिणं १९०, झाशीतली ऑटो दोन्ही वेळची १६०. एकूण २७१०. मंजूर २५०० मिळाले, येणं २१०. त्यातले ९० देऊ म्हणतात, गणपतीच्या तिकिटाचे १२० बसत नाहीत, कारण देव मंडळाचे सदस्य नाहीत. देणं पाचशे, रामसेवकजींना, पुढच्या वर्षीच्या मूर्तीचा विसार. तो मंडळाचा नाही. घंगाळ पुसून ठेवताना साठेकाकूंनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, सोंड खरंच चुकून झाली होती का. मी म्हटलं, हो काकू, अगदी चुकून. त्यांनी कमरेच्या बटव्यातून पाचशेची नोट काढून माझ्या हातात ठेवली.

"मग पुढच्या वर्षीही चूक."