गार गाडीचं दुखणं

आमचे मिस्त्री चहा कधी बसून पीत नाहीत. कप हातात आणि माणूस अर्धा दारात. जेवताना दोनदा उठतात, एकदा मीठ आणायला आणि एकदा आणलेलं मीठ परत ठेवायला. गल्लीत सगळे ह्यांना भिंगरी मिस्त्री म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं तो एकदा तरी आमच्या घरी जेवून गेला असणार.

असा माणूस ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करतो. त्या कामात घाई अजिबात चालत नाही. गाडी गिअर आपले आपण बदलते, आणि बिघडली की कुठे दुखतंय ते सांगत नाही. म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे. गाडी मी चालवायची आणि ह्यांनी मागच्या सीटवर आडवं पडून, तळहात खालच्या पत्र्याला लावून ऐकायचं. लग्नानंतर मला गाडी शिकवली ती काही हौसेने नाही, ह्याच कामासाठी. तिथे मात्र हे गप्प पडून राहतात. बाकी कुठेच नाही, झोपेतसुद्धा नाही.

तर टेलरबाईंची गाडी. बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक, डावा पाय लहानपणापासून अधू. घरोघरी जाऊन मापं घेतात, शिवलेले कपडे पोचवतात. ऑटोमॅटिकला डावा पाय लागत नाही, म्हणून नवऱ्याने ही गाडी घेतली, बाईंना चालवायला शिकवलं, आणि काही वर्षांनी तो गेला. गाडी आता म्हातारी झाली होती, पण बाईंचे पाय म्हणाल तर तीच.

एका सकाळी घराजवळच्या चौकात सिग्नल सुटला, बाईंनी पाय दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. मागे ट्रक. ट्रकवाला शुद्धीत होता म्हणून निभावलं. झालं, त्यांच्या मुलाने धोशाच लावला, गाडी भंगारात काढ आणि टॅक्सीने फिर. मुलगा वाईट नाही हो. त्या दिवशी चौकात आईला घ्यायला तोच गेला होता, आणि तिथून आईला घेऊन आमच्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला होता. पण कापडांचे गठ्ठे आणि अधू पाय घेऊन बाई दिवसाला किती टॅक्स्या थांबवणार? गाडी गेली की बाई घरात बसणार, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. मुलगा तेवढा म्हणत होता, 'बसेल तर बसेल, जिवंत तर राहील.'

गाडी आमच्याकडे आली, आणि आली ती शहाण्या मुलासारखी. मी चढावर नेली, उतारावर नेली, मागे घेतली. काही नाही. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली, बोटावर तेल घेतलं, वास घेतला. जळका वास आला तर समजायचं, आतल्या प्लेटा गेल्या. तसा वास नव्हता. तेल खालच्या खुणेला जेमतेम टेकत होतं. हे काही विचारणार तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "तेल मी दर रविवारी स्वतः बघते, मिस्त्री. भरलेलं असतं." बाईंचा हिशेब म्हणजे दुहेरी शिवण. ह्यांनी मान डोलावली आणि वायरींच्या मागे लागले.

मग काय विचारता. वायरी सोडल्या, जोडल्या, गिअरची केबल बदलली. दरवेळी फेरी मारून आलं की गाडी ठीक, आणि बाई घरी नेऊन दुसऱ्या सकाळी काढायला गेल्या की पुन्हा तेच. ह्यांच्या जिवाची नुसती घालमेल. घरात येरझारा, गॅरेजात येरझारा. हातात पाना घेऊन अंघोळीला गेलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आणि अशाच एका येरझारेत मुलाचा फोन आला तेव्हा हे बोलून बसले, "उघडून बघावा लागेल. ह्याचे भाग आता मिळतील की नाही, सांगता येत नाही."

मुलाने ती फाशीची शिक्षाच समजली. उद्या सकाळी भंगारवाल्याला घेऊन येतो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "अहो, सापडत नाही म्हणजे मेली असं होतं का? कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" मग मी म्हटलं, "गाडी बिघडते सकाळी. बाई ती चालवत इथे आणतात, म्हणजे आपल्याकडे येते ती तापूनच. तुम्ही तिला गार असताना एकदा तरी बघितलंत का?"

हे जागच्या जागी उभे राहिले. माझ्या आठवणीत असं फार क्वचित झालंय.

ती रात्र गाडी आमच्याकडेच राहिली. सकाळी लवकर आम्ही शटर उघडलं तर बाई आधीच काठी टेकत दारात हजर. म्हणाल्या, "म्हटलं, शेवटचं बघून घ्यावं." मी त्यांना स्टूल दिलं. हे मागे आडवे झाले, मी गाडी सुरू केली, गिअर टाकला. आणि गाडी हलेचना. इंजिन नुसतं ओरडतंय. मग एकदम धक्का बसला, आणि आम्ही दारातून बाहेर.

"थांब," हे मागून म्हणाले. "आत काही घासत नाहीये. तहानलेल्यासारखी करतेय." उतरले, आणि बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही तेल कसं बघता ते मला करून दाखवा."

मी उतरले, बाई सीटवर बसल्या. चावी फिरवून इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला, काठी काढली, हळूहळू उतरल्या, दार लावलं, बॉनेटपाशी आल्या. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर.

"इंजिन बंद करूनच बघता?"

"म्हणजे काय? इंजिन चालू ठेवून सीट सोडायची नाही, हा आमच्या ह्यांचा पहिला धडा. पाय अधू, गाडी सरकली तर धावायची कशी? आजवर मोडला नाही."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, "बस. ब्रेकवर पाय." मी बसले, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवले आणि पार्किंगला आणून तशीच धरून ठेवली. ह्यांनी पट्टी बाईंसमोर धरली. पार टोकाला एक थेंब.

गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू असतानाच बघायचं असतं. बंद केलं की आत फिरणारं तेल तळाला येऊन बसतं, आणि पट्टी भरलेली दिसते. त्यातून ते तापलं की फुगतं, म्हणून आमच्याकडे येईपर्यंत गाडी कशीबशी भागवत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. खाली वाकून बघितलं तर तेलाची एक रबरी नळी गाडी चालू असताना पाझरत होती आणि उभी राहिली की कोरडी.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच मारली का तिला?"

"तुम्ही नाही. विचारायचं काम माझं होतं," हे म्हणाले, आणि नळी आणायला पळालेसुद्धा.

नळी बसली, लांब नरसाळ्याने लाल तेल थोडं थोडं आत गेलं. गाडी परत गार होईपर्यंत थांबायचं होतं, आणि तेवढ्यात मुलगा भंगारवाल्याला घेऊन पोचला. आमची नुसती चुळबूळ. मुलगा घड्याळ बघतोय, भंगारवाला टायर चाचपतोय, मिस्त्री झाडू मारतायत. गॅरेज झाडताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बाई तेवढ्या शांत, मांडीवर काठी धरून.

शेवटी गाडी चढावर नेली. ह्यावेळी मुलाला शेजारी बसवलं. गिअर टाकला, गाडीने तो लगेच घेतला आणि मुकाट्याने चढून गेली.

परत आल्यावर मुलगा म्हणाला, "मिस्त्री, खरं सांगा. आई पुन्हा रस्त्यात अडकणार नाही?"

मिस्त्री म्हणाले, "इतके दिवस कमी तेलावर चालली, प्लेटा थोड्याफार झिजल्या असतील. किती, ते आज सांगणं म्हणजे थाप मारणं. पण तेल नीट बघितलं गेलं तर ही अशी उभी राहणार नाही. आणि बाईंनी चालू गाडीतून उतरायचं नाही, तो नियम बरोबरच आहे. तेव्हा गाडी तापवून तेल बघायला दोन माणसं लागतील. एक पट्टीला, एक ब्रेकला."

बाई जमिनीकडे बघत होत्या. घरात त्या एकट्या, हे सगळ्यांना ठाऊक. भंगारवाल्याने जांभई दिली.

मुलाने भंगारवाल्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मग आईच्या सीटवर जाऊन बसला. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. "इंजिन चालू करू?"

"आधी ब्रेक," बाई म्हणाल्या. काठी मला दिली आणि बॉनेटवर वाकल्या. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. "पाय काढू नकोस हं."

"नाही काढत. आई, पंख्यापासून हात सांभाळ."

"खुणेवर आहे," बाई म्हणाल्या. मुलाने इंजिन बंद केलं, उतरला, चावी त्यांच्या हातात ठेवली. म्हणाला, "रविवारी येतो मी. सकाळीच येतो."

"ये. पण तेल तापलेलं लागतं," बाईंनी पदराने डोळे पुसले. "तेव्हा आधी मी तुला फिरवून आणणार. तू शेजारी गप्प बसायचं."