पाटलाचा कोंबडा आणि सोनाबाईचा बोकड

दवाखान्याच्या कपाटात रिकाम्या बाटल्या साठत जातात. टाकू टाकू म्हणतो, पण टाकवत नाहीत. किस्स्यांचंही तसंच! अणदूरजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पाटी मराठीत आली, तरी लोक म्हणायचे निजामाच्या वेळचं ‘शफाखाना’च. नवे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. बी-वन जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनवर त्यांची भारी श्रद्धा!

*

एकदा पाटील झुंजीचा कोंबडा घेऊन आले. त्याची मान पार पाठीला टेकलेली, नजर आभाळात.

"करणी केलीय कुणीतरी!" पाटील म्हणाले.

साहेबांनी विचारलं, "खायला काय घालता?"

"गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ. दुसरं काय बी न्हाय!"

साहेबांनी इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत मान सरळ झाली. म्हणाले, "आता कोंडा घाला."

"कोंडा? साहेब, ह्यो पाटलाचा कोंबडा हाय!"

"मग त्याला ते सांगू नका!"

*

मान वळणं, अंग थरथरणं, हे सगळं मेंदूचं दुखणं असतं, हे साहेब ओसरीवर बसून समजावून सांगत. "मेंदूत चूल आहे, सरपण आहे, पण काडीपेटी नाही. बी-वन म्हणजे काडीपेटी."

एका धनगरानं मन लावून ऐकलं. मग हळूच म्हणाला, "ही सुई माझ्या मेव्हण्याला चालंल का?"

साहेबांनी शांतपणे विचारलं, "वजन किती?"

*

सगळेच किस्से हसण्याचे नव्हते. एक मेंढी चार दिवस अंगारे-धुपारे करून मग आणली. सुई टोचायच्या आतच गेली. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मलाही घास गेला नाही.

*

म्हणून सोनाबाई दुखण्याच्या पहिल्याच दिवशी बोकड घेऊन आली, तेव्हा बरं वाटलं. म्हातारी एकटी. आई मेलेलं करडू तिनं चिंधीनं दूध पाजून वाढवलेलं. दिरानं परस्पर त्याचा नवस बोलला आणि जत्रेसाठी पुष्ट व्हावा म्हणून त्याला पायलीनं ज्वारी चारली. बोकडाला ती बाधली. मान वर, अंगभर थरथर.

"दीर म्हणतो, देवानं मागितलाय. आपनहून अंग झाडतोय बघा," सोनाबाई म्हणाली.

आमच्याकडं रीत अशी, की नवसाच्या बोकडाच्या पाठीवर गार पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं, की देवाला पसंत. तीन तांब्यांत झाडलं नाही, तर सोडून द्यायचा.

साहेबांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली. थरथर थांबली, बोकड चरायला लागला. सोनाबाई मात्र डोळ्याला पदर लावून बसली. "बरा केलासा, पर परवा कापत्यालच की!"

जत्रेच्या सकाळी साहेब आणि मी मुद्दाम गेलो. दिरानं पहिला तांब्या ओतला. बोकड गप्प. दुसरा ओतला. गप्प! तिसऱ्याला तर त्यानं डोळे मिटून घेतले.

पुजारी म्हणाला, "देवाला नको. सोडा त्याला."

साहेबांचा आनंद गगनात मावेना. "बघितलं, कंपाउंडर? हे बी-वन! थरथरीचं नावसुद्धा नाही!"

सोनाबाईनं बोकडाच्या गळ्यात हात टाकला, साहेबांना वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली,

"व्हय साहेब, समदी तुमच्या सुईची कमाल. पानी तेवढं म्या कोमट करून आनलं व्हतं."