मामंजींचं आयरिश क्रियापद

घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मग ‘कुणाच्यातलं तुमी?’ म्हणून कूळ विचारायचं, ही आमच्या कोरेगावाकडची रीत. पण हाच प्रश्न शब्दांना विचारणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात एकच झाला, आणि ते माझे चुलत सासरे, आमचे मामंजी. लढाईत जखमी होऊन इटलीच्या इस्पितळात पडले असताना शेजारच्या खाटेवरच्या आयर्लंडच्या पाद्र्यानं मोडक्या हिंदुस्थानीत त्यांना हा नाद लावला. लोक लढाईवरून घड्याळं आणतात, मामंजींनी एक आयरिश क्रियापद आणलं: ‘श्क्रीव’. म्हणजे लिही. त्याचा बाप लॅटिन, ‘स्क्रीबेरे’, आणि त्या बापाचा मूळ धंदा ओरखडण्याचा. हे कूळ त्यांनी न्हाव्याला सांगितलं, तलाठ्याला सांगितलं, एका सुपारीच्या बैठकीत तर नवऱ्या मुलाचं कूळ बाजूला सारून सांगितलं. संस्कृत जाणणारे मास्तर एकदा म्हणाले, ‘आपलं लिहिणंही मुळात ओरखडणंच.’ दोन शब्दांची सोयरीक जमली म्हणून मामंजींनी गल्लीभर गूळ वाटला.

आमचे हे तेव्हा ब्रह्मदेशात लढाईवर होते. मला अक्षर येत नव्हतं. माझी पत्रं पोस्टमन लिहायचा, ‘इकडील सर्व क्षेम’ छापाची. मनातलं त्याच्यापुढं कसं बोलणार? एकदा मला दाराआड रडताना मामंजींनी ऐकलं.

‘आगं, लिवणं म्हंजी नुसतं ओरखडणं. कोंबडीला येतं, तुला न्हाई व्हय येणार?’

सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही. म्हणून उंबऱ्याच्या आत मी, बाहेर पाठ करून ते, आणि मध्ये राखेची परात. मी काडीनं अक्षर ओरखडून परात सरकवायची. ‘ह्यो क हाय का खेकडा?’ म्हणत ते परत ढकलायचे. चार महिने आमच्याकडं भांडी घासायला राख उरली नाही.

शेवटी पत्र लिहिलं. मामंजींनी न वाचता पत्ता घातला. दीड महिन्यानं उत्तर आलं, ते मी स्वतः अक्षर लावून वाचलं. हे भडकले होते: ‘माझ्या बायकोच्या नावानं, तुमच्याबिगर घास गोड लागत न्हाई, असं लिहिणारा हरामखोर कोण?’ हसता हसता माझे डोळे भरून आले.

मामंजी जाऊन वर्षं लोटली. त्यांचे उपकार मी कधी तोंडानं बोलले नाही, तेवढं राहूनच गेलं. ते उत्तर आलं त्या दिवशी ओसरीवरून त्यांनी विचारलं, ‘काय म्हंतोय गं आमचा गडी?’

पत्रात काय आहे हे त्या घरात मला कुणी विचारायची ती पहिलीच वेळ.

‘खुशाल हायती,’ मी आतून म्हणाले. पुढचं त्यांनी विचारलं नाही.