बराबर कोठे दुखस?

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. आमचं गाव शहाद्याच्या खाली, तापीच्या काठावर. घरात इंग्रजी येणारी मी एकटीच, म्हणून मायला नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मलाही सोबत घेतलं. माय आदल्या दिवसापासून पोट धरून पडली होती. ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं. सकाळी तिचं अंग तापलं आणि घोटभर पाणीही तिनं ओकून टाकलं. तेव्हा मात्र आबांचा धीर सुटला.

डॉक्टर मद्रासकडचे होते. मराठी नाहीच, हिंदी तोडकीमोडकी, उरलेलं सगळं इंग्रजीत. मायनं पदर पोटावर घट्ट धरला होता. परक्या पुरुषाचा हात ती लागू देईना. डॉक्टर माझ्याकडे वळले. "पूछो इसको, एक्झॅक्टली कहाँ?"

शब्द मला माहीत होता. शाळेत पाठ केला होता, एक्झॅक्ट म्हणजे तंतोतंत, अचूक. पण मायला 'तंतोतंत कुठे दुखतं' असं विचारणार कसं? तो शब्द पुस्तकातला. आमच्या घरातल्या अहिराणीत त्या जागी एकच शब्द होता, बराबर.

"माय, बराबर कोठे दुखस?"

मायचे डोळे मिटलेले होते. तिच्या कानावर बहुधा तेवढा एकच शब्द पडला. कुणी 'बराबर शे ना?' म्हणून तब्येत विचारली की ती जे म्हणायची, तेच आताही म्हणाली.

"बराबर शे, बेटा. आते बराबर शे."

हा शब्द डॉक्टरांनाही कळत होता. त्यांना वाटलं, कळ थांबली. मी "नहीं, नहीं" म्हणाले, पण पुढचं वाक्य जुळवेपर्यंत त्यांनी दुसऱ्या माणसाला आत बोलावलं होतं. कंपाउंडरनं औषधाची बाटली हातात दिली आणि आम्ही बाहेर आलो.

व्हरांड्यात माय फरशीवरच आडवी झाली. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ पांढरेफटक. आबा बाटली हातात धरून नुसते उभे होते.

"आते काय करू, बेटा?" ते मला म्हणाले.

आबांनी घरात कधी कुणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडूच कोसळलं. रडत रडतच रांग मोडून मी आत शिरले आणि ओरडले, "सर, नॉट बराबर! मदर नॉट बराबर!"

डॉक्टर रागावले नाहीत. उठून बाहेर आले. आबांसमोर माय पदर सोडणार नव्हती. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही जराक तिकडे जा." ते मुकाट्यानं नळाकडे गेले. मग मी मायच्या कानाशी वाकले.

"माय, बोलू नको. मन्हं बोट धर, आन् दुखस तठे ठेव."

पदराआडून तिनं माझं बोट धरलं. बेंबीपासून खाली, उजवीकडे, कमरेच्या हाडापर्यंत नेलं आणि तिथे थांबली. "आठे," ती पुटपुटली. मी जागा दाखवली. डॉक्टरांनी तिथे दाबून हात उचलला तशी ती किंचाळली, "मरी गऊ व माय!"

"एक्झॅक्टली!" डॉक्टर म्हणाले.

ते पुन्हा विचारताहेत असं मला वाटलं. "आठेच! आठेच, सर!" मी जीव तोडून सांगत राहिले. 'हेच ते' म्हणायलाही तो शब्द वापरतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अपेंडिक्स होतं, आणि ऑपरेशन धुळ्यालाच होणार होतं. आबांनी मिरचीच्या बाजारात जाऊन एका ट्रकवाल्याचे पाय धरले. पोत्यांवर गोधडी टाकून मायला निजवलं. मिरचीच्या खकाण्यानं तिला ठसका लागायचा आणि प्रत्येक ठसक्यासरशी ती माझ्या हातात नखं रुतवायची. तिला खोकू देऊ नकोस, एवढंच मी देवाला सांगत होते.

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं तरी ताप उतरेना. माय वाचली, पण ते कळायला बरेच दिवस गेले, आणि ते दिवस मी तिच्या खाटेखाली काढले.

त्या दिवसांत समोरच्या खाटेवर सातपुड्यातली एक पावरा आदिवासी बाई आली. नवरा तिला झोळीत घालून डोंगर उतरून आला होता. तीही पोट धरून होती. डॉक्टरांनी विचारलं, नर्सनं विचारलं, नंतर मला पुढे केलं. मी अहिराणीत विचारलं, 'बराबर कोठे' हेही विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नवरा आपल्या बोलीत भराभरा काहीतरी सांगत होता, हात जोडत होता. त्यातलं अक्षरही मला कळेना. मी तिचं बोट धरून तिच्याच पोटावर ठेवलं. तिला वाटलं मी तिचा हात हातात घेतलाय. तिनं माझी बोटं घट्ट आवळली आणि सोडलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाट रिकामी होती. नवरा रिकामी झोळी मांडीवर घेऊन पायऱ्यांवर एकटाच बसला होता. त्याच्याशी काय बोलावं, आणि कुठल्या भाषेत, ते मला कळलं नाही. मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मायकडे परत आले.