हातासकट, हात काढून

एकतीस वर्षांत जयंती घाडीगावकरच्या हातचं एकही कार्ड परत आलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळे नेमकं हेच विसरले.

रस्त्यावर सिग्नलच्या खांबाजवळ लोखंडी डबा असतो ना, त्याच्या पोटातलं कार्ड अंधेरीला, मरोळच्या एमआयडीसीत बनतं. लाल किती सेकंद, हिरवा किती, हे ते ठरवतं. गार असतं तोवर शहाण्यासारखं चालतं, आणि तापलं की मागे पडायला लागतं. म्हणून त्याची वेळ ते बंद करून लावता येत नाही. गरम पेटीत ठेवायचं, चालू ठेवायचं, आणि चालू असतानाच त्याच्यावरचा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू फिरवायचा. लोखंडी पेचकस चालत नाही. जयंतीने प्लॅस्टिकची विणायची सुई घासून चपटी केली होती. तरी गंमत अशी, की माणसाचा हात नुसता जवळ आला तरी कार्ड बावचळतं आणि आणखी मागे पडतं. तेव्हा स्क्रू फिरवायचा, हात काढायचा, एक पाऊल मागे सरायचं आणि मग आकडा वाचायचा. नव्या पोरींना ती पहिल्याच दिवशी दम भरायची, "हात काढ गो, मग बघ. हातासकट आकडा खोटा."

आकडा बरोबर आला की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, म्हणजे तो पुन्हा हलत नाही. गिऱ्हाईकं फोनवर सांगायची, "टिकलीवालंच कार्ड पाठवा." ती टिकली म्हणजे जयंती.

तिचे वडील परळच्या गिरणीत होते. गिरणीने त्यांना कधी "तुम्ही नको" म्हणून सांगितलं नाही. एक दिवस गेट उघडलंच नाही, बस्स. पुढची दहा वर्षं ते खाटेवर बसून विचारायचे, "माझा काय चुकला?" जयंतीने ते रोज ऐकलं होतं. तेव्हापासून तिचा एकच हट्ट. अठ्ठावन्नाला आपल्या पायांनी बाहेर पडायचं, आणि चुकीचा डाग लावून घ्यायचा नाही. दोन वर्षं उरली होती.

मग मिहिर आला. मुलुंडचा इंजिनिअर, सत्तावीस वर्षांचा, गोड बोलणारा. उठता बसता "ताई, ताई." त्याचं नवं कार्ड चालता चालता स्वतःच स्वतःला दुरुस्त करणार होतं. ना स्क्रू, ना सुई, ना टिकली. फक्त किती अंशाला कार्ड किती मागे पडतं, एवढं त्याला आधी शिकवून ठेवायला हवं होतं. आणि ते सगळं मुंबईत एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, जयंतीच्या वहीत. अकरा वर्षांच्या नोंदी.

दिंडोशीला घरी तिची मुलगी श्रुतिका भडकली. "आई, वही देऊ नकोस हां. तुझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"अगं, विद्या दिल्याने कमी होते काय?" जयंती म्हणाली. बाई भोळी नव्हती. पण कुणीतरी आपली वही मागतंय याचं तिला अप्रूप वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

मिहिरने पानांचे फोटो काढले. जयंती म्हणाली, "बसून समजावते रे तुला. अर्धा तास लागेल."

"नको ताई, सगळं क्लिअर आहे."

"आणि कार्ड तापवून दिवसभर चालवून बघ हां."

"कंप्युटरवर पास झालंय ताई," असं म्हणून तो एसीच्या खोलीत गेला. तिथल्या गारव्यात कार्डाला दुरुस्ती लागतच नव्हती, त्यामुळे ते झकास चाललं.

वहीत अंशांपुढे दोन रकाने होते. एकाच्या डोक्यावर लिहिलं होतं "हा", दुसऱ्याच्या "का". जयंतीच्या लेखी "हा" म्हणजे हातासकट आणि "का" म्हणजे हात काढून. चाळीस अंशांना हातासकट कार्ड हजार सेकंदांना नऊ मागे, हात काढून तीन. खरा आकडा तीन. मिहिरने वाचलं, हा. म्हणजे हाच घ्यायचा! आणि "का" म्हणजे ताईंना शंका होती, का बरं असं येतंय? मराठीच वाचलंन पठ्ठ्याने, फक्त विचारायचं तेवढं राहिलं.

मे महिन्यात चारशे कार्डं गुजरातेतल्या एका शहरात बसली. ऊन लागलं तशी ती तीनच्या जागी नऊची भरपाई करत धावत सुटली, दिवसाला आठ-साडेआठ मिनिटं पुढे. एकाच रस्त्यावर एक सिग्नल जुना टिकलीवाला, पुढचा नवा. दोघांचं जमेना, चौकाचौकात भोंगे. आठवड्यात कंपनीची वाट लागली.

मालकांचा मुलगा ओजस आता सगळं बघायचा. त्याने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर वहीचे फोटो.

"ताई, हे तुमचं अक्षर?"

"हो."

"मग आकडे चुकले कसे?"

जयंतीने मिहिरकडे पाहिलं. तो खरोखरच गोंधळला होता. तीन दिवस शोधूनही त्याला काही सापडलं नव्हतं. तिला क्षणात कळलं, आपण गप्प बसलो तर हे नवं कार्ड इथेच मेलं. पुन्हा स्क्रू, पुन्हा सुई, आणि आपली दोन वर्षं शाबूत. आणि तिकडे भर रस्त्यात चारशे सिग्नल खोटी वेळ दाखवत उभे. तेच तिला सहन होईना. तिने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आकडे बरोबर आहेत. हा म्हणजे हातासकट. का म्हणजे हात काढून. हा रकाना घ्यायला हवा होता."

मिहिर "ओह शिट" म्हणत उठला. त्याने इथूनच नेटवरून आकडे बदलले आणि संध्याकाळपर्यंत सगळं दुरुस्त झालं. कार्डं भर उन्हात अशी चालली, की जयंतीनेही मनात म्हटलं, माझ्या हातालाही एवढं जमलं नसतं.

गरज सरो, वैद्य मरो. पंधरा दिवसांनी तिला पत्र मिळालं. कॅलिब्रेशनचं टेबल, म्हणजे तिचं सुई-स्क्रूचं काम, बंद, आणि सोबत गिऱ्हाईकाला गेलेल्या अहवालाची प्रत: "मूळ नोंदवहीतील अस्पष्ट नोंदींमुळे दोष उद्भवला. संबंधित कर्मचाऱ्यास कमी करण्यात येत आहे."

ती पत्र घेऊन वर ओजसच्या केबिनमध्ये गेली. नोकरीसाठी नव्हे. "सर, टेबल बंद करा. पण हे एवढं वाक्य काढा. माझी चूक नाही ही."

"ताई, ते कागदापुरतं हो. त्यांना काहीतरी कारण द्यावं लागतं ना. तुम्ही तशाही चाललाच होता." ओजसने हसून शेजारी बसलेल्या मिहिरकडे पाहिलं. मिहिर मोबाइलमध्ये बघत होता. एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती मेल्याची? नाही बोलला.

शनिवारी समोसे आले, शाल आली, नारळ आला. ओजस म्हणाला, "जयंतीताई म्हणजे आमची फॅमिली." टाळ्या झाल्या. फोटोसाठी सगळे दाटीवाटीने उभे राहिले आणि मिहिरने हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिहिर, हात काढ," जयंती म्हणाली.

त्याने हात काढला. ती एक पाऊल मागे सरली आणि तिने त्याच्याकडे नीट बघितलं, कार्डाकडे बघायची तसं.

"आता कळला खरा आकडा," ती म्हणाली आणि नारळ तिथेच टेबलावर ठेवून जिना उतरली.

अजूनही दिंडोशीच्या चौकात सिग्नलला उभी असली की ती मनातल्या मनात सेकंद मोजते. आकडा बरोबर येतो. मग घरी जाऊन श्रुतिकेला विचारते, "माझा काय चुकला गो?"